पत्र नंबराचं असतं, बंदुकीचं नव्हे: जुनी विंचेस्टर पारखताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ओक्लाहोमात तुमच्या शेजारी एक वयस्कर बाई राहतात. नवरा गेल्यावर घरातल्या बंदुका त्या विकायला काढतायत. त्यातली एक विंचेस्टर मॉडेल १८९२ कार्बाइन, म्हणजे आखूड हलकी रायफल, तुमच्या मनात भरली आहे. कॅलिबर .४४-४०, नंबर तीन लाख चाळीस हजारांच्या घरातला, नळी १५ इंच, रिसीव्हरवर (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या पोलादी भागावर) निळे-तपकिरी ढगाळ रंग आणि सोबत कोडीच्या संग्रहालयाचं, फॅक्टरीच्या जुन्या वहीवरून दिलेलं पत्र. मधल्या दलालाचं म्हणणं असं की ही दुर्मीळ ‘ट्रॅपर’ आहे, म्हणजे फॅक्टरीतूनच आखूड नळीची आलेली, वर केस-कलर आहे, म्हणजे पोलाद कडक करताना (केस-हार्डनिंग) उमटणारे रंग, शिवाय कागदपत्रही आहे. म्हणून साध्या कार्बाइनच्या पाचपट किंमत सांगतोय. फोटो आणि पत्राची प्रत मी दोन रात्री बसून पाहिली.

माझं मत आधीच सांगतो. एवढ्यावर पैसे देऊ नका. बंदूक खोटी आहे असं मी म्हणत नाही, फोटोंवरून तसं म्हणताही येणार नाही. पण जे पत्र पुरावा म्हणून तुमच्यासमोर धरलं जातंय, त्यात दुर्मीळपणाचा एक शब्दही नाही. ते पुन्हा वाचा.

पत्रात काय आहे? नंबर, ‘कार्बाइन’, कॅलिबर ४४, गोदामात आल्याची तारीख, १९०६ मध्ये बाहेर पडल्याची तारीख आणि ऑर्डर क्रमांक. बस. नळीची लांबी नाही, रंगाचा उल्लेख नाही. विंचेस्टरचे कारकून कॅटलॉगपेक्षा जे वेगळं असेल ते लिहीत. कॅटलॉगमधली १८९२ कार्बाइन म्हणजे २० इंची नळी आणि ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेला रिसीव्हर. नोंदीत फक्त ‘कार्बाइन’ असेल, तर ती तशी साधी होती असंच धरून चालायचं. हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, एखाद्या कारकुनाच्या हातून एखादा तपशील सुटूही शकतो. पण इथे लांबी आणि रंग अशा दोन खास गोष्टी एकाच ओळीत सुटल्या, असं मानायला माझं मन धजत नाही.

या पत्रांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण फसवणूक बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. विंचेस्टरच्या जुन्या वह्या आज वायोमिंगमधल्या कोडी गावी, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टच्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत. नंबर दिला आणि फी भरली की ते नोंद काढून देतात. पण सगळ्या नोंदी टिकलेल्या नाहीत. मॉडेल १८७३ च्या वह्या नंबर १ पासून ७,२०,४९६ पर्यंत आहेत, त्यातही मधले काही भाग गहाळ. १८८६ च्या १,५६,५९९ पर्यंत, १८९२ च्या ३,७९,९९९ पर्यंत, १८९४ च्या ३,५३,९९९ पर्यंत आणि १८९५ च्या फक्त ५९,९९९ पर्यंत. १८९२ मॉडेल एकूण दहा लाखांहून जास्त बनलं, म्हणजे निम्म्याहून अधिक बंदुकांना पत्र मिळतच नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातल्या ट्रॅपरना तर नाहीच. त्यांच्या बाबतीत साक्षीदार एकच, ते लोखंड. तुमच्या नंबराची नोंद शिल्लक आहे, हे तुमचं नशीब.

आता मूळ मुद्दा. पत्र नंबराचं असतं. ‘या नंबराची एक बंदूक अमुक रूपात फॅक्टरीतून बाहेर पडली’ एवढंच ते सांगतं. तुमच्या हातातली बंदूक तीच आहे, हे त्या पत्राला सांगता येत नाही. संग्रहालयवाले बंदूक पाहत नाहीत, वही पाहतात. लोखंड आणि वही एकमेकांशी जुळतात का, हे आपल्यालाच पाहावं लागतं.

हे मला एका मॉडेल १८८६ ने शिकवलं, तेव्हापासून मी आधी पत्र उघडतच नाही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी ती माझ्याकडे पारखायला आणली होती. पत्र असं की पाहतच राहावं: .५० एक्स्प्रेस, अष्टकोनी नळी, उंची अक्रोडाचा पिस्तुलमुठीचा दस्ता, त्यावर चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली बारीक जाळी. मॉडेल १८८६ मध्ये .५०-११० एक्स्प्रेस मुळातच कमी, त्यात डिलक्स म्हणजे संग्राहकाचं स्वप्न. बंदूकही पत्रात लिहिल्याबरहुकूम होती. नंबर खालच्या टँगवर, म्हणजे रिसीव्हरमागे दस्त्याकडे जाणाऱ्या पोलादी पट्टीवर असतो. साध्या डोळ्यांना तोही ठीक वाटला. मी दिवा बाजूला आडवा ठेवला, वीसपटीचं भिंग लावलं आणि टँग हळूहळू फिरवत गेलो. नंबराच्या आजूबाजूला धातू बशीसारखा किंचित खोलगट होता. हाताने पाहिलं तर कळणार नाही, पण तिरप्या उजेडात सावली पडली. आकड्यांचे पाय आतून चकचकीत आणि कडा धारदार होत्या. त्याच टँगवरच्या इतर शिक्क्यांच्या कडा मात्र शंभर वर्षांच्या वापराने गोलावलेल्या. मग दस्ता उतरवला. डिलक्स बंदुकांचं लाकूड आणि लोखंड एकमेकांसाठी बसवलेलं असे, म्हणून फॅक्टरीत टँगच्या बाजूला, दस्त्याच्या आतल्या खाचेत आणि बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) आतल्या अंगाला एकच जुळणी-क्रमांक ठोकत. इथे लाकूड आणि बटप्लेट यांचा क्रमांक एक होता, टँगवरचा दुसराच. म्हणजे दस्ता खरा डिलक्स, पण दुसऱ्या बंदुकीचा. कुणीतरी आधी वहीतली नोंद शोधली आणि मग त्या नोंदीला साजेशी बंदूक बनवली. त्या गृहस्थांनी ती निवृत्तीच्या पैशातून घेतली होती. त्यांना ते सांगताना माझी जीभ जड झाली होती.

म्हणून आता तुमच्या कार्बाइनकडे लोखंडाच्या अंगाने पाहू.

सर्वांत आधी नळी पुन्हा मोजा. ‘१५ इंच’ हा आकडा कसा काढला, हे तुम्ही लिहिलं नाही. फोटोत टेप रिसीव्हरच्या पुढच्या कडेला टेकवलेली दिसते. तसं मोजू नका. नळीचा आट्यांचा भाग रिसीव्हरच्या आत गेलेला असतो, तो त्यात सुटतो. बंदूक रिकामी आहे याची चेंबर आणि मॅगझिन दोन्हीकडून खात्री करा, लिव्हर बंद करा, नळीच्या तोंडातून एक लाकडी गज बोल्टला टेकेपर्यंत आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि गज बाहेर काढून मोजा. हीच खरी लांबी. बाहेरून १५ वाटणारी नळी अशी मोजल्यावर पावणेसोळा भरते, कधी सोळाही. विंचेस्टरने १४, १५, १६ आणि १८ इंची कार्बाइन बनवल्या. कापणारा मात्र बाहेरून मोजून कापतो, त्यामुळे त्याची लांबी बऱ्याचदा अधल्यामधल्या आकड्यावर येते. लांबी यातल्या कुठल्याच आकड्याशी जुळली नाही, तर तिथेच कान टवकारा.

मग फोरएंड. बहुतेक अस्सल १४ आणि १५ इंची कार्बाइनवर पुढचं लाकूड नेहमीपेक्षा साधारण इंचभर आखूड असतं, नाहीतर छोट्या नळीवर ते बेंगरूळ दिसलं असतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत मला ते पूर्ण लांबीचं वाटतं. फोटोचा कोन फसवा असू शकतो, म्हणून स्वतः मोजा आणि कुठल्याही २० इंची १८९२ कार्बाइनशी ताडून पाहा.

यानंतर जे सांगतो ते मला सर्वांत विश्वासाचं वाटतं. कार्बाइनवर नळी आणि मॅगझिनची नळी दोन कड्यांनी एकत्र धरलेली असतात. त्या कड्यांचे स्क्रू दोन्हींच्या मधून आडवे जातात आणि त्यासाठी नळीच्या पोटाला छोटी आडवी खाच घेतलेली असते. नळी पाच इंच कापली की पुढची कडी मागे सरकते आणि तिच्यासाठी नवी खाच घ्यावी लागते. फॅक्टरीने ती मिलिंग कटरने घेतली आहे. तिच्या तळाशी एकसारख्या बारीक रेघा असतात आणि आत जुनं ब्ल्यूइंग उतरलेलं असतं. नंतर घेतलेली खाच बहुधा कानशीची असते. तळ मधे किंचित फुगीर, रेघा वेड्यावाकड्या, कडांशी हात उचलल्याची खूण. माझं तरुणपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टूलरूममध्ये गेलं. तिथे वस्ताद आम्हाला कानशीची रेघ आणि कटरची रेघ बोटाने ओळखायला लावायचे. इथे तीस वर्षं जुन्या बंदुका पारखतोय, पण रोजच्या कामाला येतं ते तेव्हाचंच शिक्षण. दोन स्क्रू सोडवून कडी सरकवायला बाईंनी परवानगी दिली, तर एका खाचेत तुम्हाला अर्ध्याहून अधिक उत्तर मिळेल. स्क्रूड्रायव्हर मात्र खाचेत घट्ट बसणारा घ्या. सैल पात्याने स्क्रूचं डोकं चिघळलं, तर अस्सल बंदुकीचंही नुकसान होतं.

पुढची माशी नळीच्या तोंडापासून किती अंतरावर आहे तेही पाहा. कापलेल्या नळीवर ती पुन्हा बसवावी लागते आणि बुडाशी नव्या जोडाची कड, पितळी किंवा चांदी रंगाची बारीक रेघ दिसते. नळीचं तोंड भिंगातून पाहा, तिथला गोलवा आजूबाजूच्या पोलादाइतकाच म्हातारा असला पाहिजे. मॅगझिनच्या नळीच्या पुढच्या टोपणाचा स्क्रू नव्या भोकात आहे का? आतली स्प्रिंग पूर्ण लांबीची कोंबलेली आहे का? बंदुकीच्या नळीचा तोंडाशी व्यास मोजा आणि एखाद्या खात्रीच्या १५ इंचीशी ताडा.

शिक्क्यांचं एक बरं आहे, ते तारखेला बांधलेले असतात. विंचेस्टरने ‘डब्ल्यूपी’चा अंडाकृती प्रूफ शिक्का, म्हणजे चाचणीत उतरल्याची खूण, १९०५ च्या जुलैपासून रिसीव्हर आणि नळी दोन्हींवर ठोकायला सुरुवात केली. तुमची बंदूक १९०६ ची, म्हणजे दोन्हीकडे तो हवा. फोटोत रिसीव्हरवर आहे, नळीवरचा भाग सावलीत गेलाय. तिथे ‘डब्ल्यूपी’ऐवजी अंडाकृतीत नुसता ‘पी’ असेल, तर ती नळी सुटा भाग म्हणून टपालाने विकली गेली आणि फॅक्टरीबाहेर कुणीतरी बसवली. याच नियमाने १८९० च्या दशकातल्या रिसीव्हरवर ‘डब्ल्यूपी’ शिक्क्याची नळी दिसली, तर ती बदललेली नळी. कधी कधी फॅक्टरीनेच दुरुस्तीला आलेल्या बंदुकीवर ती बदललेली असते आणि वहीत तशी परत-दुरुस्तीची नोंदही सापडते. ती बंदूक खोटी नव्हे, मात्र ‘जशी बनली तशी’ म्हणूनही विकता येत नाही.

आता रंग. मला तुमच्या बंदुकीत सर्वांत जास्त खटकला तो हाच. १८८६ मॉडेलवर केस-हार्डनिंगचे रंग नेहमीचेच होते, १९०१ च्या सुमारास ते बंद होऊन ब्ल्यूइंग आलं. १८९२ आणि १८९४ वर पहिल्यापासून ब्ल्यूइंग, रंग फक्त खास मागणीवर. म्हणून त्या दोन मॉडेलांवर ते फार दुर्मीळ आणि म्हणूनच फार बनावट. अस्सल रंग हाडांच्या आणि लाकडी कोळशात लोखंड तापवून पाण्यात विझवल्याने येतात. ते पातळ असतात. उन्हाने, हाताच्या घामाने उडतात आणि मागे करडी चांदी उरते. कार्बाइन माणूस जिथे धरून चालतो, म्हणजे रिसीव्हरचं पोट आणि पुढच्या कडा, तिथे रंग आधी जातो. लोडिंग गेटच्या आसपास, खोगिराला अडकवायच्या कडीच्या बुडाशी, लिव्हर जिथे झाकतो त्या आडोशाला तो टिकतो. तुमच्या बंदुकीवर उलटं दिसतंय. पोटावर रंग झळाळतोय आणि त्याच पोटाच्या कडा गोलावल्यात. कडा झिजेपर्यंत वापरली आणि रंग मात्र तसाच राहिला, हे लोखंडात होत नाही. आधी झीज झाली, मग रंग चढला, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

पुन्हा पॉलिश केलेली बंदूक ओळखायला एक सोपी रीत सांगतो. स्क्रूच्या भोकांच्या कडा बोटाच्या पेराने चाचपा. बफिंगचं चाक भोकावरून फिरलं की कड बशीसारखी खचते. लाकूड आणि लोखंड जिथे मिळतात तिथे नख फिरवा. फॅक्टरीत लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवत. ते लोखंडाखाली गेलं असेल, तर सँडपेपर लागलाय. ब्ल्यूइंगच्या खाली गंजाचे खड्डे दिसले, तर ब्ल्यूइंग गंजानंतरचं आहे.

दुर्मीळपणाचा हव्यास किती जुना आहे, याचं उदाहरण मॉडेल १८७३ चं देतो. विंचेस्टरने १८७५ च्या कॅटलॉगमध्ये जाहीर केलं की नेमबाजीच्या चाचणीत उत्तम ठरलेल्या नळ्यांच्या रायफली खास बनवून ‘वन ऑफ वन थाउजंड’ असं कोरून १०० डॉलरला विकू, त्याखालच्या ‘वन ऑफ वन हंड्रेड’ २० डॉलर जादा घेऊन. नावात हजार असलं तरी मॉडेल १८७३ मध्ये या रायफली सुमारे १३३ च बनल्या, मॉडेल १८७६ मध्ये तर पन्नासच्या आसपास. १९५० साली हॉलिवूडच्या एका चित्रपटाच्या प्रचारासाठी उरलेल्यांचा देशभर शोध घेतला गेला आणि लोकांनी माळ्यांवरून काही बाहेरही काढल्या. त्या काळापासून या कोरीव अक्षरांचा मोह पसरला. अगदी सुरुवातीच्या काही नळ्यांवर आकड्यांत ‘१ ऑफ १०००’ आहे, नंतरच्यांवर वळणदार अक्षरांत शब्द. कोरणारा तेवढा अभ्यास करतो. पण फॅक्टरीत कोरीवकाम आधी आणि ब्ल्यूइंग नंतर होई. अस्सल अक्षराच्या चरीत तोच जुना रंग आणि तीच जुनी घाण असते. बनावट चर जुन्या रंगाला फाडून जाते, तळाशी पोलाद उघडं दिसतं आणि ते लपवायला काळं औषध चोळलेलं असतं. ते चरीच्या काठांवर सांडलेलं भिंगातून दिसतं.

त्याच १८७३ वर वरचं धूळझाकण मात्र मला फार आवडतं, कारण तिथे खोटेपणाला जागा कमी. पहिल्या प्रकारात झाकणावर अंगठ्यासाठी चेकरिंग असते, दुसऱ्यात झाकण ज्या पट्टीवर सरकतं ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते, तिसऱ्यात ती पट्टी रिसीव्हरच्याच धातूतून कोरून काढलेली. नंबर पहिल्या प्रकारातला आणि पट्टी धातूतलीच असेल, तर नंबर आणि रिसीव्हर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. दुर्मीळ प्रकार ओळखायचा म्हणजे हेच काम. एका खुणेवर भाळायचं नाही. नंबर, शिक्का, झाकण, लाकूड, रंग, झीज हे सगळं एकाच वर्षी एकाच दारातून बाहेर पडलं असतं का, हे विचारत राहायचं.

आता कायद्याचं, कारण तुमच्या बाबतीत ते पैशांहून मोठं आहे. अमेरिकेत १६ इंचांहून आखूड नळीची रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते. नोंद नसताना ती जवळ बाळगणं फेडरल गुन्हा. विंचेस्टरच्या अनेक अस्सल ट्रॅपरना एटीएफने (बंदुकांचे नियम पाहणाऱ्या फेडरल खात्याने) त्या कायद्यातून वगळून संग्राहकांच्या यादीत टाकलं आहे. कुणी मागाहून कापलेल्या कार्बाइनला ती सूट नाही. १८९८ किंवा त्याआधीची बंदूक ‘अँटिक’ म्हणून मोकळी, असं तुम्ही कुठेतरी वाचलं आहे. तो १९६८ च्या कायद्याचा नियम. तुमची १९०६ ची असल्यामुळे तिला तसाही लागू नाही. आणि १८९५ ची असती तरी १९३४ च्या कायद्यात अँटिकची व्याख्या वेगळी आहे. काडतुसाच्या बंदुकांपैकी, ज्यांची काडतुसं आता बनत नाहीत आणि सहज मिळत नाहीत, अशाच जुन्या बंदुका तिथे सुटतात. .४४-४० आजही दुकानात मिळते. म्हणून गज टाकून लांबी १६ च्या खाली आली आणि अस्सलपणाची खात्री झाली नाही, तर ती घरी आणू नका, गाडीतही ठेवू नका. बाईंनाही हे सांगा. त्यांच्या यजमानांनी ती कधी, कुणाकडून घेतली हे त्यांना ठाऊक नसेल आणि नकळत त्याच अडचणीत आहेत. त्यांनी आधी बंदुकीच्या कायद्यातल्या वकिलाशी बोलावं.

तुम्ही शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहात. सोबत लाकडी गज, घट्ट बसणारे दोन स्क्रूड्रायव्हर, दहापटीचं भिंग, टॉर्च आणि व्हर्निअर न्या. दलाल नसताना जा. आधी लांबी, मग फोरएंड, मग नळीवरचा प्रूफ शिक्का, शेवटी कडीखालची खाच. प्रत्येकाचा फोटो आडव्या उजेडात घ्या, फ्लॅश बंद ठेवून. खाचेचा फोटो जमेल तितका जवळून. रविवारी सकाळी मी घरीच आहे, फोटो आले की लगेच फोन करतो. आणि बाईंकडे यजमानांच्या जुन्या पावत्या किंवा त्या कार्बाइनसकट काढलेला एखादा घरगुती फोटो आहे का, ते हळुवार विचारा. चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोत तीच कार्बाइन २० इंची दिसली, तर भिंगाची गरजच पडणार नाही.